मध्येच उतरलेलं थेट विमान

ब्रेकताईला खिडकीची जागा मिळाली आणि धाकटीला मधली, त्यामुळे विमान जागचं हलायच्या आधीच दोघी बहिणींचं एकदा वाजून झालं.

"तू तीस वर्षं खिडकीतच बसलीस की," धाकटी म्हणाली. "आता मला बसू दे."

"तीस वर्षं मी काचेसमोर बसले. खिडकीत बसायचे ते झोपा काढायचे," असं म्हणून ब्रेकताईनं कमरेचा पट्टा करकचून आवळला. विषय संपला.

ती लांब पल्ल्याची बस चालवायची. घाटातली, रात्रंदिवसाची, मधे फक्त चहाला थांबणारी. नव्या ड्रायव्हरांना शिकवायची पाळी आली की ती त्यांना सांगायची, गाडी पळवायला पाय लागतो, थांबवायला डोकं लागतं. डेपोत कुणीतरी गंमतीनं तिचं नाव ब्रेकताई ठेवलं, ते घरापर्यंत आलं आणि चिकटलं. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मेकॅनिक लोकांनी तिला हार घातला आणि तिनं त्याही वेळी बसच्या मागच्या चाकाकडे बघून हवा कमी असल्याचं सांगितलं.

आज मात्र गाडी दुसऱ्याच्या हातात होती. दुसऱ्याच्या म्हणजे तिच्याच लेकीच्या. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून घरात तिला ठमी म्हणायचे. आता ती काठीसारखी सडसडीत झाली होती, खांद्यावर तीन पट्ट्या लावून विमानात सहवैमानिक म्हणून बसत होती, पण ठमी या नावापासून तिची काही सुटका नव्हती. "विमानात तरी ठमी म्हणू नकोस हं आई," असं तिनं आदल्या दिवशी बजावलं होतं. ब्रेकताईनं कबूल केलं होतं. धाकटीनं केलं नव्हतं.

आणि विमान काही साधंसुधं नव्हतं. या शहरातून त्या दूरच्या शहराला थेट जाणारं हे पहिलंच उड्डाण होतं. आजवर तिकडे जायचं तर दोनदा विमान बदलावं लागे, एका विमानतळावर बाकावर आडवं होऊन ताटकळावं लागे, आणि सगळं धरून दीड दिवस मोडायचा. आता चौदा हजार किलोमीटर, सोळा तास, एका दमात. सकाळी इथे नाश्ता करायचा आणि तिथल्या घड्याळाप्रमाणे त्याच दुपारी उतरायचं.

त्या शहरात दादा राहत होता. दोघींचा थोरला भाऊ. तरुणपणी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. वहिनी गेल्यापासून एकटाच होता. अकरा वर्षांत त्यानं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. दर वर्षी फोनवर म्हणायचा, "येतो गं, पुढच्या वर्षी नक्की." आणि दर वर्षी त्याचे गुडघे, ती दोन विमानं आणि तो बाक आड यायचा. या दोघींचंही तेच. एकीला डेपोतून सुट्टी मिळाली तर दुसरीच्या शिवणाच्या दुकानात लग्नसराई असायची. मग ठमीनं सांगितलं की थेट विमान सुरू होतंय आणि पहिल्या फेरीला तिचं नाव लागलंय. धाकटीनं त्याच दिवशी दुकानाला पंधरा दिवसांची पाटी लावली.

निघायच्या आठवड्यात ठमीनं स्वयंपाकघराच्या टेबलावर एक मोसंबं ठेवून त्यावर दोरा ताणून दाखवला होता. नकाशावर वाकडी दिसते ती वाट गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची कशी असते, ते दोघींना समजलं. पण जाताना सोळा तास आणि येताना चौदाच का, यावर धाकटी अडली.

"येताना उतार आहे का गं ठमे?"

"वारा आहे, मावशी. वर कायम पश्चिमेकडून वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर."

"म्हणजे सायकलसारखंच की," धाकटी म्हणाली आणि तिनं मोसंबं सोलून खाऊन टाकलं.

विमान धावपट्टीकडे निघालं तेव्हा दोन्ही बाजूंना अग्निशमनाच्या लाल गाड्या उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचे फवारे उडवून वर कमान केली आणि विमान तिच्याखालून हळूच गेलं. खिडकीवर थेंब ओघळले. आत लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या खुर्चीवर एक दाताचे डॉक्टर बसले होते. त्यांना पहिल्या फेऱ्यांचा छंद होता. कुठलाही नवा मार्ग सुरू झाला की ते दवाखाना बंद करून पहिल्या विमानात जाऊन बसत. आजवर सव्वीस पहिल्या फेऱ्या झाल्या होत्या आणि ही सत्ताविसावी, पण इतकी लांब एकही नव्हती.

"हे माझं सोनं आहे," ते म्हणाले. "इतकं लांब, सलग, पहिल्यांदा. आयुष्यात परत मिळायचं नाही."

"आमची ठमी चालवतेय," धाकटीनं लगेच सांगून टाकलं. ब्रेकताईनं तिला कोपरानं ढोसलं, पण तोंडभर हसू तिच्याही आवरेना.

इंजिनांनी जोर धरला. पाठ खुर्चीला टेकली आणि खालची घरं, रस्ते, पूल, त्यावरच्या बस, सगळं तिरपं होऊन मागे गेलं. ब्रेकताईनं आयुष्यात पहिल्यांदा रस्ता वरून बघितला. इतका वळत असतो, हे तिला चालवताना कधी जाणवलं नव्हतं.

तिचा एक जुना नेम होता. दुसरा कुणी गाडी चालवत असला की ती झोपत नसे. धाकटीनं जेवण झाल्याबरोबर मान टाकली, डॉक्टरसाहेब घोरू लागले, पण ब्रेकताई समोरच्या छोट्या पडद्यावरचा नकाशा बघत टक्क जागी राहिली. नकाशावर इवलंसं विमान होतं, त्याच्यापुढे तुटक रेघ, आणि कोपऱ्यात वेग, गेलेलं अंतर, उरलेला वेळ. बाहेर ऊन जसंच्या तसं होतं. विमान सूर्याच्या मागोमाग पळत होतं, त्यामुळे सकाळ काही केल्या सरत नव्हती.

निम्मी वाट झाल्यावर तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. मघापासून उरलेला वेळ हलतच नव्हता. आठ तास दाखवत होता, मग बऱ्याच वेळानं बघितलं तरी जवळजवळ तेवढाच. वेग मात्र घसरत चालला होता. भरल्या गाडीनं चढ चढावा तसं.

त्याच सुमाराला ठमी आली. इतक्या लांबच्या उड्डाणाला चार वैमानिक असतात, दोघं चालवतात तेव्हा दोघं मागे झोपतात. तिची झोपायची पाळी संपली होती आणि पुढे जायच्या आधी ती पाच मिनिटं आईपाशी वाकून उभी राहिली. गणवेशात. आजूबाजूचे लोक माना वळवून बघू लागले.

"काय गं, वारा जास्त आहे का?" ब्रेकताईनं हळूच विचारलं.

ठमीनं पडद्याकडे बघितलं, मग आईकडे. "तू झोपली नाहीस ना?"

"तू आधी सांग."

"सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जास्त आहे. उत्तरेकडून वळसा घालून बघतोय, तिकडे कमी असेल कदाचित." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काळजीचं काही नाही. पाणी पीत राहा. मावशीला उठवू नकोस, तेवढीच शांतता." आणि ती गेली.

ब्रेकताईला काळजी वाटत नव्हती. तिला वाटत होती ती धाकधूक, निकालाच्या दिवशी वाटते तशी. महिनाभर घरात एकच शब्द घुमत होता, थेट. ठमी फोनवर मैत्रिणींना तेच सांगायची, दादाला तेच सांगितलं होतं, तिकिटावरही तेच छापलं होतं. ते आता लेकीच्या हातून निसटू नये एवढंच तिच्या मनात होतं. नकाशावरचं विमान तुटक रेघ सोडून वर सरकलं. ती पडद्यावर नजर खिळवून बसली. वेग थोडा वाढला, पुन्हा पडला.

मग कॅप्टनचा आवाज आला. मऊ, सावकाश आवाज, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा. त्यांनी सांगितलं की समोरचा वारा आज फारच जोरात आहे. इंधन पोहोचण्यापुरतं आहे, पण हाताशी जेवढं राखीव असायला हवं तेवढं उरणार नाही. त्यामुळे वाटेतल्या एका शहरात उतरून इंधन भरायचं आणि मग पुढे जायचं. एकूण तीनेक तास उशीर होईल. "पहिली थेट फेरी थेट झाली नाही याचं आम्हालाही वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण हा निर्णय बरोबर आहे."

विमानभर एक लांब सुस्कारा गेला. कुणीतरी कपाळावर हात मारला. डॉक्टरसाहेब खाडकन जागे झाले आणि ऐकलेलं खरं आहे का, हे दोनदा विचारून घेतल्यावर तोंड पाडून बसले. "सत्ताविसावी गेली," एवढंच म्हणाले.

धाकटीनं डोळे चोळले. "म्हणजे आता थेट विमान थेट नाही?"

"नाही."

"मग आपण दादाला काय सांगायचं?"

"उशीर होईल म्हणून," ब्रेकताई म्हणाली. पुढे त्या बंद दाराआड लेकीचा चेहरा कसा झाला असेल, हेच तिच्या डोळ्यांपुढे येत होतं.

खाली ढग दिसू लागले, मग ढगांच्या फटीतून करडा समुद्र. विमान उतरणीला लागलं तेव्हा एक एअरहोस्टेस लगबगीनं आली आणि ब्रेकताईच्या कानाशी वाकली.

"कॅप्टननी तुम्हाला सांगायला सांगितलंय. आत्ता विमान तुमची मुलगी उतरवणार आहे."

ब्रेकताईला क्षणभर कळेचना. "पण ते तर कॅप्टन उतरवणार होते."

"तिकडे पोहोचल्यावरचं, सोहळ्याचं उतरणं ते करणार आहेत," एअरहोस्टेस हसली. "हे उतरणं ठरलेलंच नव्हतं, म्हणून ते कॅप्टननी तिला दिलं."

ती गेली आणि ब्रेकताईचं मघाचं सगळं वाईट वाटणं कुठल्या कुठे पळालं. तिनं खुर्चीची पाठ सरळ केली, पट्टा तपासला, धाकटीचाही तपासला.

"ठमी उतरवतेय. आता अजिबात बोलायचं नाही."

"मी कुठे बोलतेय? मी म्हणते तिला कुणी सांगितलं का की तू..."

"नाहीच बोलायचं."

डॉक्टरसाहेबांनी हे ऐकलं आणि त्यांचाही चेहरा उजळला. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

ढगांतून बाहेर येताच वाऱ्यानं विमानाला हातात घेतलं. एकदा डावा पंख खाली, एकदा उजवा, मध्येच एकदम हातभर खाली. धाकटीनं ब्रेकताईचा हात घट्ट धरला. खाली गवताळ उघडं माळरान होतं आणि त्यावर धावपट्टी, पण ती समोर दिसायच्या ऐवजी ब्रेकताईला खिडकीतून दिसत होती. विमान नाक एका बाजूला करून खेकड्यासारखं तिरपं चाललं होतं.

"हे असं वाकडं का चाललंय?" धाकटी कुजबुजली.

"वारा बाजूनं आहे. वाऱ्याकडे तोंड ठेवलंय तिनं," ब्रेकताई म्हणाली. तिला विमानातलं काही कळत नव्हतं, पण उघड्या पुलावर बाजूचा वारा बसला कसा ढकलतो, ते तिच्या मनगटांना माहीत होतं.

जमीन वर आली. कुंपण गेलं, पांढरे पट्टे दिसले, आता टेकणार, आता टेकणार, आणि एकाएकी इंजिनं गर्जली. विमानानं नाक वर केलं आणि ते पुन्हा आभाळात शिरलं. मागे एक बाई मोठ्यानं किंचाळली. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. काय झालं, काय चुकलं, ठमीचं चुकलं का, हे सगळं एका श्वासात ब्रेकताईच्या मनातून धावून गेलं.

मग कॅप्टनचा नव्हे, ठमीचाच आवाज आला. थोडा धाप लागल्यासारखा, पण स्पष्ट. "पुढचं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नव्हतं, म्हणून आम्ही उतरणं सोडून दिलं. एक फेरी मारून परत येतोय. दहाएक मिनिटं लागतील."

ब्रेकताईनं डोळे मिटून घेतले. सोडून दिलं, असं तिनं किती सहज म्हटलं होतं. समोर रस्ता दिसत असताना, चाकं टेकायला आलेली असताना, पाठीमागे तीनशे माणसं असताना सोडून देता येणं सोपं नव्हतं. ओव्हरटेक करायला निघालेली बस अर्ध्यातून मागे घ्यायला तिला स्वतःला सहा-सात वर्षं लागली होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, कारण एक हात धाकटीनं पकडून ठेवला होता आणि दुसऱ्यानं तिनं खुर्चीचा दांडा धरला होता.

दुसऱ्या वेळी वारा तसाच होता. विमान पुन्हा तिरपं आलं, पुन्हा पंख डुलले, कुंपण गेलं, पट्टे आले. शेवटच्या क्षणी नाक वळून नीट सरळ झालं. एक चाक टेकलं, मग दुसरं, मग पुढचं. दणका बसला, पण एकच. इंजिनं उलटी गर्जली आणि सगळे पुढे झुकले. वेग कमी होत होत विमान जेव्हा बाजूच्या रस्त्याला वळलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. निघतानाच्या टाळ्या शिष्टाचाराच्या होत्या, या पोटातून आलेल्या होत्या. धाकटी रडत होती आणि टाळ्या वाजवत होती आणि डॉक्टरांना सांगत होती की हिला लहानपणी तीनचाकी सायकलचीही भीती वाटायची.

"आजवरच्या सव्वीस फेऱ्यांत असं एकदाही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. तोंड पाडून बसलेला माणूस हाच, यावर विश्वास बसला नसता. "थेट फेऱ्या काय, पुढेही होतील. पण अशी फेरी दुसऱ्या कुणाकडे असणार आहे?"

टँकर आला, नळ्या जोडल्या गेल्या. दार उघडून जिना लावला, गार वारा आत आला. ठमी केस कपाळावर चिकटलेल्या अवस्थेत मागे आली. लोक तिचा हात हातात घेत होते, ती सगळ्यांना मान हलवत होती, पण बघत आईकडेच होती. ब्रेकताई पट्टा सोडून उभी राहिली. दोघी सीटांच्या मधल्या जागेत जेमतेम मावत होत्या.

"हात थरथरतायत का गं?"

ठमीनं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "आत्ता. उतरल्यावर. तेव्हा नाही."

"माझेही उतरल्यावरच थरथरायचे," ब्रेकताई म्हणाली आणि तिनं ते हात आपल्या हातांत धरून ठेवले. "वाईट वाटलं का, थेट झालं नाही म्हणून?"

ठमी आवाज खाली करून म्हणाली, "आई, थांबूया असं आधी मीच म्हटलं. सगळे आकडे बघत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. पहिली फेरी होती ना. बाकीच्यांना वाटत होतं वारा पडेल. मलाही वाटत होतं. पण नसता पडला तर मग पर्याय राहिला नसता." ती हसली. "कॅप्टन म्हणाले, थांबायचं तू म्हणालीस, तर उतरव आता तूच."

ब्रेकताईनं लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. हे सगळं बघत बसणं धाकटीला शक्य नव्हतं. तिनं मधेच फोन पुढे केला.

"ठमे, मामा आहे. बोल."

फोनमधून दादाचा आवाज आला, मोठा, लिफ्टच्या खड्ड्यातून वर हाक मारल्यासारखा. "पोहोचलात का?"

"पोहोचलो, पण भलतीकडे," धाकटीच ओरडून म्हणाली. "तू घरातून निघू नकोस अजून."

"मी कधीचा विमानतळावर येऊन बसलोय," दादा म्हणाला. "इथे बाक चांगला आहे. या सावकाश."

उरलेलं उड्डाण कसं गेलं ते ब्रेकताईला सांगता येणार नाही, कारण ती झोपली. गाढ, तोंड उघडं टाकून. धाकटीनं तिच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि वाकून खिडकीतून हवं तेवढं बघून घेतलं. शेवटचं उतरणं कॅप्टननी केलं, मऊसूत, आणि पुन्हा पाण्याची कमान झाली, पण ब्रेकताईला जाग आली ती लोक बॅगा काढायला उठले तेव्हा.

दादा काठी टेकून कठड्यापाशी उभा होता. केस पांढरे झाले होते, खांदे थोडे वाकले होते, पण लांबूनही तो पोटातून हसताना दिसला. दोघी बहिणी एकदमच त्याच्याकडे निघाल्या आणि एकदमच बोलायला लागल्या. एक वाऱ्याचं सांगत होती, एक खेकड्यासारख्या विमानाचं. त्याला काही कळत नव्हतं, तरी तो दोघींच्या डोक्यावर आळीपाळीनं हात फिरवत होता.

टॅक्सीत तो पुढे बसला आणि मागे तिघी. ठमी गणवेशातच होती. दादानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. वळसा, इंधन, अर्ध्यातून वर जाणं, दुसरी फेरी. मधेमधे तो टॅक्सीवाल्याकडे अभिमानानं बघायचा, जणू त्या बिचाऱ्यालाही हे माहीत असायलाच हवं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं काठी गुडघ्यांमध्ये नीट उभी केली.

"अंतर तेवढंच आहे म्हणा," तो म्हणाला. "मीच उगाच लांब लांब करत बसलो." मग वळून त्यानं विचारलं, "तुम्ही परत कधी निघताय?"

"पंधरा दिवसांनी," ब्रेकताई म्हणाली.

"त्या विमानात जागा आहेत का अजून?"

ठमी खिशातला फोन काढायला लागली. ब्रेकताईनं पुढे वाकून भावाच्या खांद्यावर हात टाकला.

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे बसूनच येणार आहेत," दादा म्हणाला. "फक्त मला खिडकीची जागा बघ गं ठमे. मला आपलं शहर वरून बघायचंय."